खडूची खोली

खोली आखायची कल्पना दिराची.

टेम्पो उद्या सकाळी यायचा होता. नव्या घरात काय मावेल आणि काय नाही, यावर दोन दिवस सगळ्यांची तोंडची वाफ दवडून झाली होती. शेवटी दिरानं कापडावर खुणा करायचा खडू उचलला, मोजपट्टी घेतली आणि बंद केलेल्या सोफ्यांच्या कारखान्याच्या रिकाम्या झालेल्या फरशीवर नव्या घराची बाहेरची खोली आखून टाकली. खऱ्या मापाची. दार इथं, आत जायची वाट तिथं आणि समोरच्या भिंतीत खिडकी. खिडकी एकच. तिच्याखाली त्यानं दुहेरी रेघ ओढली.

"या आता," तो म्हणाला. "घर बघून घ्या."

थोरल्या जाऊबाई, सगळ्यात मोठ्या, वारलेल्या भावाची बायको, सरळ रेघ ओलांडून आत आल्या.

"मोठ्या वहिनी, ती भिंत आहे. दार तिकडं."

"मेल्या, या वयात मला खडूच्या दारातून फिरवतोस?" असं म्हणाल्या खऱ्या, पण मागं फिरल्या, दारापाशी गेल्या, चपला काढल्या आणि मग आत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "कोंदट आहे."

सगळे हसले. त्यांची मधली जाऊ, तीही हसली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. हा जिना कारखान्यातून वरच्या दोन खोल्यांकडे जायचा. लग्न होऊन आली तेव्हा ती या पायरीवर फक्त चप्पल घालायला टेकायची. आजारपणानंतर मात्र ही पायरी तिच्या नावावरच झाली. इथं बसून ती दुसऱ्यांची कामं बघायची. सोफे यायचे, खुर्च्या यायच्या, उघड्या व्हायच्या, पोटातून काथ्या, स्प्रिंगा, घोड्याचे केस निघायचे, पुन्हा भरल्या जायच्या. ती बघायची. उजव्या हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीच्या रंगाची घट्ट बाही, आणि तो हात कायम उशीवर.

त्याआधी ती या कारखान्यातली सगळ्यात जलद कारागीर होती. हे आता सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. तोंडात मूठभर बारीक खिळे धरायची. जिभेनं एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकानं तो उचलायचा, आणि ठक. पुढचा. ठक. डावा हात कापड ताणून धरायचा, उजवा मारायचा. मधे श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. कारखान्याचा एक नियमच होता, तिच्या सासऱ्यांनी घातलेला: तोंडात खिळे असलेल्या माणसाला काही विचारायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. गिऱ्हाईक आलं, पाहुणे आले, पोरगी रडली, तरी तिच्याकडे कुणी यायचं नाही. तोंड कामात आहे, असं म्हणायचे.

मग गाठ निघाली. उजवा स्तन गेला, काखेतल्या गाठीही गेल्या. औषधांची वर्षं झाली, गोळ्यांची झाली. आणि तेव्हापासून, अठरा-एकोणीस वर्षं झाली असतील, प्रत्येक माणूस तिला दिवसातून दहा वेळा विचारतो: बरं वाटतंय ना?

"वहिनी, या की आत," दीर म्हणाला. "तुमचीच तर खोली. बरं वाटतंय ना?"

"वाटतंय," ती म्हणाली आणि उठली. दारातून आत गेली.

नवरा तोवर खुर्ची घेऊन आला होता. एकट्यानं उचलून. गुडघे कुरकुरत होते, पण ही खुर्ची तो कुणाला उचलू द्यायचा नाही. त्यानं ती खिडकीच्या दुहेरी रेघेपाशी ठेवली, मागं सरकून बघितली, पुन्हा थोडी तिरकी केली.

"उजेड डावीकडून येईल," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्यांवर नाही येणार."

ती खुर्ची म्हणजे या घराची दुसरी म्हातारी. उंच पाठ, दोन्ही बाजूंना डोकं टेकायला कान, हिरवं मखमली कापड, आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. सुजलेला हात वर राहावा म्हणून. आजारपणाच्या वर्षी दोघा भावांनी मिळून केली होती. मिळून म्हणजे कशी, तर त्यांचं तेव्हा बोलणं बंद होतं. धाकट्याला पिना मारायची बंदूक आणि फोम हवा होता, थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खिळे आणि घोड्याचे केस. त्यावरून धाकटा भांडून वेगळा झाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान टाकलं. तिच्या आजाराची बातमी कळल्यावर एका सकाळी तो बंदूक घेऊन कारखान्यात आला, एक शब्द न बोलता सांगाड्याच्या डाव्या बाजूला बसला आणि काम करायला लागला. थोरला उजव्या बाजूला. तीन दिवसांनी खुर्ची तयार झाली तेव्हा दोघं बोलायला लागले होते. पहिलं वाक्य काय, तर, "तुझ्या बाजूला सुरकुती आहे."

ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की आता ती कुणीही कुठूनही सुरू करायचं.

"आठवतं?" दिरानं सुरू केलीच. "मी वहिनींसाठी रोज संध्याकाळी गायचो."

"गायचास?" जाऊबाई म्हणाल्या. "तिच्या उलट्या औषधानं होत होत्या का तुझ्या गाण्यानं, ते डॉक्टरांनाही कळलं नाही."

"आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचून दाखवायचात. मेलेल्यांच्या जाहिराती गाळून."

"मग काय वाचायच्या?"

"आई, आणि तुझे केस गेले तेव्हा बाबा म्हणाले होते," लेक खोक्याला चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "घोड्याचे भरून देऊ का?"

"आणि ती म्हणाली, पांढरा घोडा बघा," नवरा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. प्रत्येक वेळी याच वाक्याला यायचे.

लेक तेव्हा शाळेत जायची. खुर्चीच्या उंच हातावर बसून अभ्यास करायची. आता तिला स्वतःचं घर होतं, नोकरी होती, आणि सामान हलवायला म्हणून ती सुट्टी काढून आली होती. पण अजूनही खुर्ची दिसली की तिचा हात आपोआप त्या उंच बाजूवर जायचा. तिथली मखमल पार झिजली होती. आईच्या कोपरानं नव्हे, लेकीच्या बसण्यानं.

"काय वर्ष होतं ते," दीर म्हणाला. "असं वर्ष पुन्हा नाही आलं."

मग त्यालाच कळलं आपण काय बोललो. खडू खिशात घालायला लागला, खिसा सापडेना.

तिला राग आला नाही. गंमत वाटली. खरं म्हणजे तिलाही कधीकधी ते वर्ष आठवायचं. सगळं घर एका खुर्चीभोवती. कुणी भांडत नाही, कुणी वेगळं होत नाही. तिच्या तोंडाला तेव्हा लोखंडाची चव आली होती. भात लोखंडाचा, दूध लोखंडाचं, पाणीसुद्धा. वॉर्डातल्या बाकीच्या बायका त्या चवीनं रडकुंडीला यायच्या. हिला मात्र पहिल्या दिवशी वाटलं, अरे, ही तर खिळ्यांची चव! डोळे मिटून पडलं की कारखान्यात उभं असल्यासारखं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चव गेली त्या दिवशी सगळ्यांनी आनंद केला. ती उशीत तोंड घालून रडली होती.

"इथं खुर्ची नाही ठेवायची," ती म्हणाली.

"मग कुठं?" नवऱ्यानं विचारलं. "भिंतीला? तिकडं अंधार आहे गं."

"कुठंच नाही. इथं माझं टेबल येईल."

टेबल म्हणजे तिचं कामाचं टेबल. जाड फळीचं, कडेला हातोड्या अडकवायची पट्टी असलेलं. ते उद्या दिराच्या दुकानात जायचं ठरलं होतं.

"टेबल कशाला?" दीर म्हणाला.

"हवा खायला."

"अगं, नीट सांग," नवरा म्हणाला.

"काम करायला. नीटच सांगतेय. लहान लहान कामं. स्टुलं, उशा, खुर्च्यांच्या बैठका. उजेडाला खिडकी एकच आहे, म्हणून इथं."

 खडूच्या खोलीत चारच माणसं, तरी एकदम गर्दी झाल्यासारखी वाटली.

सगळ्यात आधी लेक आली. चिकटपट्टी हातात तशीच. "आई, हात."

"हात माझा आहे."

"हो का? सुजतो तेव्हा पट्ट्या कोण बांधतं? मी. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी सुई टोचली होती, आठवतं? एवढीशी सुई. संध्याकाळी ताप, रात्री हात लाल, आणि आठवडाभर दवाखान्यात. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. पुन्हा. तू आत आणि मी बाकावर. मी तेव्हाच ठरवलं की हे आता पुन्हा नाही."

"तू ठरवलंस."

"हो, मी ठरवलं!"

"लेकरू बरोबर बोलतंय," नवरा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्या हातानं काही उचलायचं नाही."

"ते त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते निवृत्त झाले. आताच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाही घाला, हातमोजा घाला, थोडं थोडं करा, दुखलं की थांबा. मला म्हणाल्या, काम का सोडलंत तुम्ही? "

"मला नाही सांगितलंस," नवरा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आधी बरी हो."

 तो तेच म्हणाला असता.

तो वाईट माणूस नव्हता. तीच तर पंचाईत होती. ऑपरेशननंतर तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपायला लागला. तिच्या उजवीकडून उठून डावीकडे. का, ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. रस्त्यात सगळे तिच्या डावीकडून चालायचे. जवळ घ्यायचं तर डावीकडून. उजवीकडे एक माणूसभर जागा कायम मोकळी. खांद्याखालचा भाग बधिर होता, ते खरं. पण बधिर भागालासुद्धा आपल्या शेजारी कुणी नाही, हे कळतं.

"वहिनी, तुम्ही का एवढा त्रास घेताय?" दीर समजुतीनं म्हणाला. "आम्ही आहोत ना. तुम्ही खुर्चीत बसा आरामात. खिडकीतून माणसं बघा. हक्काचं आहे तुमचं ते."

"भाऊजी, मी किती वर्षं माणसं बघतेय माहितीये? मला या गल्लीतल्या सगळ्यांची चप्पल ओळखू येते."

"पण खुर्चीचं काय करायचं?" आता त्याचा आवाज चढला. "ती टाकायची? आम्ही दोघांनी केलेली?"

"बघा," ती म्हणाली. "म्हणजे खुर्ची माझी नाहीच. तुमची आहे."

दिरानं थोरल्या भावाकडे बघितलं. थोरल्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जणू तिला कुणी आत्ता नेणार होतं. लेक येऊन दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिघं एकीकडे, खुर्चीमागं, फोटो काढायला उभे राहिल्यासारखे. ती एकटी टेबलाच्या जागेवर. तिला वाटलं, जाऊ दे. नेहमी असंच वाटायचं. जाऊ दे, एवढं करतात आपल्यासाठी.

"दुपारची ठकठक होते ना," थोरल्या जाऊबाई अचानक म्हणाल्या.

त्या खडूच्या भिंतीला टेकून बसायला गेल्या होत्या आणि भिंत नाही हे लक्षात आल्यावर एका खोक्यावर बसल्या होत्या.

"कसली ठकठक?" लेकीनं विचारलं.

"तू मला विचारलं होतंस फोनवर. मोठी काकू, मागं कसला आवाज येतोय? मी म्हणाले, शेजारी फळ्या ठोकतायत." जाऊबाईंनी चष्मा पुसला. "शेजारी कुणी फळ्या ठोकत नाही. शेजारी दोन्ही म्हातारे बहिरे आहेत. ती तुझी आई होती. सगळे दुपारी आडवे झाले की जिन्याखाली बसून ठोकायची. डाव्या हातानं."

"ताई," ती म्हणाली.

"आता काय ताई? उद्या आपण वेगळ्या घरांत. मी माझ्या लेकाकडे. मग कोण खोटं बोलणार तुझ्यासाठी?" त्या बाकीच्यांकडे वळल्या. "पहिले सहा महिने नुसतं बोटावर मारत होती. मला वर ऐकू यायचं. ठक, ठक, आई गं. ठक, आई गं. हल्ली आई गं येत नाही."

नवऱ्यानं तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. "डाव्या हातानं?" तो म्हणाला. त्यात काळजी नव्हती. कारागीर कारागिराला विचारतो तसं विचारलं त्यानं. कितीतरी वर्षांनी.

"कापड उजव्यानं धरते. धरायला जोर लागत नाही, नुसतं टेकवायचं. मारायचं डाव्यानं. सावकाश होतं, पण रेघ सरळ येते."

"दाखव," तो म्हणाला.

"बाबा!" लेक ओरडली.

"दाखवू दे की. आपण सगळे आहोत इथं."

तिनं खुर्ची खडूच्या खोलीच्या मधोमध घ्यायला लावली. दोघा भावांनी ती उलटी करून कामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, चारही पाय वर. मग तिनं हातमोजा घातला, खिळे उपसायची छोटी छिन्नी घेतली आणि खालचं काळं कापड एका बाजूनं सोडवायला सुरुवात केली. कापड लोंबलं आणि आतली सगळी गोष्ट दिसली. डाव्या अर्ध्यात पिना, बंदुकीनं मारलेल्या, दाट, घाईघाईच्या. उजव्या अर्ध्यात खिळे, एकेक, सारख्या अंतरावर. मधोमध जिथं दोन्ही भेटत होते तिथं वीतभर जागेत दोघांनीही मारलं होतं. पिनेवर खिळा, खिळ्यावर पिन. एकमेकांवर विश्वास नव्हता ना.

सगळे वाकून बघायला लागले.

"सुरकुती तुझ्याच बाजूला होती," थोरला म्हणाला.

"अजूनही म्हणतोय, बघा," धाकटा म्हणाला. आणि नाक ओढलं.

ती त्या वीतभर जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मघाशी बोललात ते खरं आहे. मलाही ते वर्ष आठवतं. खोटं कशाला बोलू? तुम्ही सगळ्यांनी मला हातावर झेललं. पण मी या खुर्चीतून उठले हो. केव्हाच उठले. तुम्ही कुणीच उठला नाहीत."

लेकीच्या हातातली चिकटपट्टी बोटांना चिकटली होती. ती सोडवता सोडवता तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला, ओठ आत ओढलेले. "मी नाही उठू शकत, आई," ती म्हणाली. "मला भीती वाटते. प्रत्येक तपासणीला. तू आत जातेस आणि मला वाटतं, या वेळी..."

"मलाही वाटते."

"तू तर बोलत नाहीस कधी."

"तुम्ही विचारता बरं वाटतंय ना. भीती वाटते का, असं कुणी विचारलंच नाही." तिनं लेकीला जवळ घेतलं. डावीकडून नाही. सरळ समोरून, दोन्ही हातांनी. तिनं स्वतःच भरून शिवलेला छातीवरचा गोळा दोघींच्या मधे दबला. त्यात पडद्याच्या काठात घालतात ती शिशाची वजनं होती, तोल राहावा म्हणून. लेकीनं लहानपणी ती वजनं मोजून दिली होती. "भीती वाटेल तशी वाटू दे," ती म्हणाली. "येत जा तपासणीला. बाकावर नको बसूस, आत ये. आणि हात सुजला तर पट्ट्या तूच बांध. ओरड मला. पण हात वापरून सुजू दे एकदा."

 लेकीनं आईच्या बाहीचा खालचा काठ हातमोज्यात नीट खोचला, कुठं कातडी उघडी नाही ना ते बघितलं, आणि बाजूला झाली. "अर्धा तास," ती म्हणाली. "मग थांबायचं."

"खुर्चीचं काय पण?" दिरानं हळूच विचारलं.

"येईल की. टेबलावर येईल." तिनं खुर्चीच्या उंच हातावर थोपटलं. "हे पहिलं काम माझं. पूर्ण उसवणार. हा हात खाली आणणार, दुसऱ्याएवढा. नवं कापड घालणार. मग कुणीही बसा. पाहुणे आले की पाहुण्यांना द्या."

"मधली ती वीतभर जागा?" नवऱ्यानं विचारलं.

"तिला नाही हात लावत. तेवढी राहू दे."

त्यानं खडू घेतला. गुडघे धरून खाली बसला आणि खिडकीखालच्या दुहेरी रेघेपाशी एक लांबट चौकोन आखला. टेबलाचा. मग विचार करून तिच्या उजव्या बाजूला, अगदी लागून, एक छोटा गोल काढला.

"हे काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"स्टूल," तो म्हणाला. "माझं. मी खिळे उपसून देईन."

 तिनं त्या गोलाकडे बघितलं. मग डबीतले खिळे हातमोज्याच्या तळव्यावर घेतले, निम्मे परत टाकले, आणि उरलेले तोंडात टाकले. औषधांपासून तोंड कोरडं असायचं तिचं. जीभ जरा अडखळली. मग चव आली. लोखंड. उघडलेल्या कापडाचा एक कोपरा पुन्हा ताणून धरला, नुसतं दाखवायला. पहिला खिळा ओठांवर आणला, डाव्या हातातल्या हातोडीनं उचलला.

ठक.

"वहिनी, जमतंय का? बरं वाट..." दीर म्हणायला लागला.

"ए," थोरला भाऊ खालूनच म्हणाला. "तोंड कामात आहे तिचं."

ठक. पुढचा. ठक.

कुणी काही विचारलं नाही.